बायोमेकॅनिक्सचं संशोधन आणि कोचिंग एकत्र करायचंय? बेळगाव सीमाभागातल्या मुलामुलींसाठी मार्गदर्शन

खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ या पट्ट्यात खेळातून वर आलेल्या मुलांना वडीलधारे दोनच वाटा सांगतात. एक, मिलिटरीत भरती हो. दोन, बीपीएड कर आणि पीटी सर हो. दोन्ही चांगल्याच आहेत. पण कॉलेजात शिकवायचं, खेळाडूंच्या हालचालींवर संशोधन करायचं आणि सकाळ-संध्याकाळ मैदानावर खेळाडूही घडवायचे, अशी तिसरी वाटही आहे. ती लांबची आहे आणि पहिली काही वर्षं हातात पैसा जेमतेमच राहतो. तरी जायचं असेल तर सुरुवात कुठून करायची, ते इथं सांगतोय.

बायोमेकॅनिक्समध्ये दोन गोष्टी येतात. शरीर कसं हललं, म्हणजे कोन, वेग आणि वेळ, ही एक. कोणत्या बळामुळे हललं, म्हणजे जमीन पायाला किती रेटा देते आणि सांध्यावर किती भार येतो, ही दुसरी. हे काम प्रयोगशाळेत बसून करायचं आणि कोचचं काम वेगळं, असं समजू नका. नीरज चोप्रानं ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्ण घेतलं, तेव्हा त्याचे कोच होते क्लाउस बार्टोनिएट्झ, मूळचे बायोमेकॅनिक्सचे जर्मन तज्ज्ञ. अमेरिकेचा राल्फ मान १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर हर्डल्सचं रौप्य घेऊन आला, मग बायोमेकॅनिक्समध्ये पीएचडी केली आणि पुढं धावपटूंच्या तंत्रावर काम करत राहिला. मैदानावरच्या माणसानंच मोजमाप केलं की प्रश्न नेमके पडतात, असं माझं मत आहे. खाली जे सांगतोय ते त्याच मतातून.

आधी शाखा ठरवा

दारं तीन आहेत. शारीरिक शिक्षण, फिजिओथेरपी आणि इंजिनिअरिंग. बरेच जण इथंच गोंधळतात, कारण बायोमेकॅनिक्स तिन्हीकडं शिकवतात, पण नोकरीचे नियम तिन्हीकडं वेगळे.

शारीरिक शिक्षणातून जायचं तर बीपीएड, एमपीएड, मग नेट किंवा सेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची देशपातळीवरची किंवा राज्यपातळीवरची पात्रता परीक्षा. जवळ धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आहे, मुलींसाठी विजयपूरचं अक्कमहादेवी महिला विद्यापीठ आहे. बाहेर पडायची तयारी असेल तर ग्वाल्हेरचं लक्ष्मीबाई संस्थान आणि चेन्नईचं तमिळनाडू शारीरिक शिक्षण व क्रीडा विद्यापीठ या दोन्ही ठिकाणी बायोमेकॅनिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. फिजिओथेरपीसाठी तर बेळगाव सोडायचीही गरज नाही, केएलईचं कॉलेज गावातच आहे. इंजिनिअरिंगचं काय सांगायचं, १९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालयच आपल्याकडं.

लक्षात ठेवायची मेख अशी. नेट परीक्षा साधारणपणे तुमच्या पदव्युत्तर विषयातच द्यावी लागते. फिजिओथेरपीची मास्टर्स करून शारीरिक शिक्षणाची नेट देऊ म्हणाल, तर चालेलच असं नाही. फिजिओवाल्यानं फिजिओथेरपी कॉलेजात आणि एमटेकवाल्यानं इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरी शोधायची, तिथं नेटची अट नाही. मैदानाशी नातं मग स्वतः जपावं लागतं. मनातून कोच असाल तर शारीरिक शिक्षणाचं दार धरा. फिजिओकडं येणारा खेळाडू दुखापत घेऊनच येतो, त्यामुळं हळूहळू सगळा दिवस गुडघे आणि खांदे बघण्यात जातो. हुशार मुलं तशी अडकलेली पाहिली आहेत.

शारीरिक शिक्षणवाल्यांची अडचण उलटी, गणित. त्रिकोणमिती, सदिश, थोडं कलन आणि सांख्यिकी, याच्याशिवाय पुढं सरकत नाही. अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्राचं पुस्तक काढा आणि गती, बल, संवेग, आघूर्ण ही प्रकरणं उदाहरणांसकट सोडवा. लाज वाटायचं कारण नाही, एमपीएड झालेल्यांनीही हे करायला हवं.

मैदान सोडू नका

कोचिंगचं प्रमाणपत्र पदवीबरोबरच पदरात पाडून घ्या. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा वर्षाचा डिप्लोमा आजही सगळ्यात वजनदार मानतात. वर्ष काढणं जमत नसेल तर तिथलाच सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम बघा. अॅथलेटिक्स, कुस्ती, फुटबॉल या खेळांत फेडरेशनचे पायरीपायरीचे कोर्सही असतात.

पण कागदापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे एखाद्या तालमीत किंवा ग्राउंडवर रोज हजर राहणं. आपला भाग या बाबतीत श्रीमंत आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातली बॉइज स्पोर्ट्स कंपनी, रामदुर्ग तालुक्यातली चंदरगीची क्रीडा शाळा, हल्याळकडची कुस्ती, विजयपूरचे सायकलपटू. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये, म्हणजे कुस्तीसारख्याच एका खेळात, कांस्य आणलं. तुरमुरी बेळगावला लागूनच आहे. अशा एखाद्या ठिकाणी आधी नुसतं बघा, चटया टाका, वेळ घ्या, पाणी द्या. वही ठेवा आणि कोच एकच चूक रोज सुधारत असतील तर ती लिहून काढा. त्या वहीतच तुमचा पीएचडीचा विषय लपलेला असतो.

मैदानावर कन्नड लागतंच. निम्मा संघ कन्नड बोलणारा असेल, तेव्हा "लवकर लवकर" आणि "बेग बेग" दोन्ही ओरडता आलं पाहिजे. राज्य सरकारच्या भरतीतही कन्नडचा प्रश्न येतो, म्हणून ही तयारी पुढं ढकलू नका.

हातातल्या मोबाइलनं मोजायला शिका

प्रयोगशाळेतली बलमापक पाटी म्हणजे फोर्स प्लेट, तिची किंमत लाखांत जाते. तिची वाट बघत बसू नका. स्लो मोशन असलेला मोबाइल, एक ट्रायपॉड आणि किनोव्हिया किंवा ट्रॅकर यासारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढ्यावर सुरुवात होते. फक्त शिस्त हवी, आणि ती कशी असते ते जरा सविस्तर सांगतो.

साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो. जोरात धावणाऱ्याचा पाय जमिनीला टेकतो साधारण ०.१ सेकंद, म्हणजे त्या अख्ख्या टेकण्याची तुमच्याकडं तीनच चित्रं. तीन चित्रांतून काय कळणार? २४० वर ठेवलं तर चोवीस मिळतात.

आता उडीचं बघा. जागेवरून मारलेल्या उंच उडीत खेळाडू किती वेळ हवेत होता, त्यावरून उंची काढतात. हवेतल्या वेळेचा वर्ग करायचा, त्याला ९.८१ नं गुणायचं आणि ८ नं भागायचं. अर्धा सेकंद हवेत असेल तर उंची आली ३०.७ सेंटिमीटर. ३० चित्रांच्या व्हिडिओत एक चित्र मागंपुढं झालं की तीच उंची ३४.९ दिसते. चार सेंटिमीटरचा फरक नुसत्या मोजण्यातून आला, पोरानं काहीच केलं नाही! २४० वर तीच एका चित्राची चूक अर्ध्या सेंटिमीटरची होते. महिनाभराच्या सरावानं पोरगा दोन सेंटिमीटरनं सुधारला असं सांगायचं असेल, तर कोणता व्हिडिओ लागेल ते आता तुम्हीच ठरवा. हवेत गुडघे वर ओढून घेतले तर वेळ फुगते, म्हणून ज्या स्थितीत जमीन सोडली त्याच स्थितीत, पाय सरळ ठेवून उतरायला सांगायचं.

मोबाइल २४० म्हणतो म्हणून त्यावर विश्वास ठेवू नका, तपासा. भिंतीवर बरोबर दोन मीटरची खूण करा आणि तिथून क्रिकेटचा चेंडू सोडा. जमिनीला लागायला त्याला ०.६४ सेकंद लागतात, म्हणजे १५३ च्या आसपास चित्रं मोजली गेली पाहिजेत. खूपच कमी आली, तर मधली काही चित्रं फोन गाळतोय.

कॅमेरा धावण्याच्या रेषेला काटकोनात, कमरेच्या उंचीवर, आठ-दहा मीटर लांब ठेवायचा आणि तिथून झूम करायचा. जवळ ठेवला की कडेला दिसणारे कोन खोटे येतात. ज्या रेषेत खेळाडू पळणार, त्याच रेषेत एक मीटरची काठी ठेवून आधी तिचं चित्रण करा, मापाचा आधार तीच. हॉलमध्ये चित्रण असेल तर दिवे बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात आणि स्लो मोशनमध्ये चित्र लुकलुकतं. सकाळचं ऊन सगळ्यात चांगलं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खानापूर भागात मैदानच पाण्याखाली असतं, म्हणून बाहेरची मोजणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसवा. पण जत्रांच्या कुस्तीच्या तारखा आधी विचारून घ्या, कुस्त्यांचं मैदान तोंडावर आलं की कुठला पैलवान तुमच्यासाठी थांबणार नाही.

मग शेवटचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम. एकाच व्हिडिओतला गुडघ्याचा कोन आज मोजा, आठ दिवसांनी आधीचा आकडा न बघता पुन्हा मोजा. दोन मोजण्यांत तीन अंशांचा फरक येत असेल, तर दोन अंशांच्या सुधारणेवर काही बोलायचं नाही. ही एवढी गोष्ट न केलेले प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, ढिगानं सापडतात. प्रबंध तिथं फुकट वाचता येतात, तेव्हा तुमच्या खेळावरचे चार-पाच उतरवा आणि मोजण्यातली चूक कुणी सांगितलीय का, ते तपासा.

इंजिनिअरिंगच्या मित्रांना एक सूचना. वजनकाट्यातले लोड सेल (भार मोजणारे तुकडे) लावून स्वस्तात फोर्स प्लेट करायचा मोह होतो. एचएक्स ७११ नावाची जी स्वस्त चिप सगळे घेतात, ती सेकंदाला जास्तीत जास्त ८० वाचनं देते. वजन करायला ठीक. उडीचा जोर लागतो तो काळ साधारण ०.३ सेकंदाचा, त्यात चोवीस वाचनं येतील. चांगल्या प्लेट सेकंदाला हजार वाचनं घेतात. म्हणून अॅम्प्लिफायर बरा घ्या. बीईच्या प्रोजेक्टला कर्नाटक राज्य विज्ञान तंत्रज्ञान परिषदेच्या विद्यार्थी प्रकल्प योजनेतून थोडा निधी मिळू शकतो, गाईडना विचारून बघा.

परवानगी: वस्तादांची, आईवडिलांची, समितीची

तालमीत कॅमेरा घेऊन थेट शिरू नका. आधी वस्तादांना भेटा, काय मोजणार आणि त्याचा पोरांना काय उपयोग, ते साध्या शब्दांत सांगा. "सर, आकडा बरा हाय, पण पोरगं पट कधी काढणार ते सांगा की," असं ते विचारणारच (पट काढणं म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडणं). त्याचं उत्तर जवळ नसेल तर अजून मोजायची वेळ आलेली नाही.

संशोधनासाठी माहिती घ्यायची असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते, मागून चालत नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. १८ वर्षांखालच्या खेळाडूच्या पालकांची लेखी संमती लागते आणि मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. सात ते बारा वर्षांच्या मुलानं तोंडी सांगितलं तरी चालतं, त्यावरच्या मुलांकडून लेखी घ्यायचा. संमतीपत्र मराठीतही हवं, कन्नडमध्येही हवं. इंग्रजी कागदावर घेतलेल्या अंगठ्याला संमती म्हणत नाहीत.

तुम्हीच कोच आणि तुम्हीच संशोधक असाल तर आणखी एक पेच येतो. तुमच्या संघातलं पोर तुम्हाला "नको" म्हणेल का? संघात निवड तुमच्या हातात आहे. म्हणून संमती दुसऱ्या शिक्षकांकडून घ्यायला लावा, कोण नाही म्हणालं ते मोसम संपेपर्यंत स्वतः विचारू नका, आणि कोन मोजणाऱ्याला कोणता व्हिडिओ सरावाआधीचा, कोणता नंतरचा, हे कळू देऊ नका.

मुलींच्या बाबतीत जास्त काळजी. सांध्यांवर खुणेच्या पट्ट्या लावायला बाई शिक्षिका किंवा सहकारी मुलगी हवी. व्हिडिओ स्वतःच्या फोनच्या गॅलरीत ठेवायचे नाहीत, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात टाकायचे नाहीत. काम झालं की पासवर्ड असलेल्या एकाच ठिकाणी हलवून फोनमधून पुसा. यात ढिलाई झाली तर गावात तुमच्या पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या कुणालाही कॅमेरा लावू देणार नाहीत.

प्रश्न इथलाच घ्या

जगभरातल्या प्रयोगशाळा धावणं आणि उडी यांचं मोजमाप करून थकल्या आहेत. त्याच रांगेत तुम्ही मोबाइल घेऊन उभे राहिलात तर मागं पडणार. लाल मातीवर तालीम करून मॅटवर लढायला जाणारा पैलवान मात्र त्यांच्याकडं नाही. हळद, तेल, ताक, लिंबू घालून मळलेली माती पायाखाली किती धरते, मॅट किती धरते, आणि पट काढताना पहिल्या पावलाची लांबी दोन्हीकडं तीच राहते का? हा प्रश्न आपल्याकडूनच विचारला जाऊ शकतो. खो-खोमध्ये खांबाला वळसा घालताना आतल्या पायावर येणारा भार, कबड्डीत मागं फिरतानाचा पहिला क्षण, मल्लखांबावरची पकड, असं कितीतरी पडलंय.

आलेला आकडा मैदानावर परत नेताना मात्र तो आकडा सांगत बसू नका. "गुडघा अजून बारा अंश वाकव" हे ऐकून कुणी पळत नाही. गाब्रिएले वुल्फ यांच्या १९९८ पासूनच्या प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलंय, की लक्ष स्वतःच्या अवयवावर देण्यापेक्षा बाहेरच्या परिणामावर दिलं तर हालचाल चांगली होते. म्हणून "पाय सरळ कर" म्हणण्याऐवजी "जमीन मागं ढकल" म्हणा. एका मोजणीतून मैदानावर ओरडायचं एक वाक्य निघालं, की झालं.

पीएचडी, नेट आणि दोन राज्यांचा घोळ

पीएचडीला २०२२ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनुसार किमान तीन आणि सहसा जास्तीत जास्त सहा वर्षं लागतात. नेटमधल्या वरच्या गुणांवर मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, म्हणून नेट नुसती पास होण्यापुरती देऊ नका. पैशाची काळजी मिटली की सकाळचं मैदान सुटत नाही.

सेटबाबत सीमाभागातल्या मुलांना एक सोय आहे आणि एक गैरसोयही. कर्नाटकाची सेट, म्हणजे के-सेट, फक्त कर्नाटकात चालते. महाराष्ट्राची सेट महाराष्ट्रात आणि गोव्यात चालते, आणि ती तुम्हीही देऊ शकता. बेळगावहून कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर, तेव्हा दोन्ही द्या. पण कर्नाटकातल्या जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्रात आरक्षण मिळत नाही, तिथं खुल्या गटाच्या गुणांनीच पास व्हावं लागेल. नेट असेल तर हा घोळच नाही, ती देशभर चालते.

असिस्टंट प्रोफेसरच्या थेट भरतीला जुलै २०२३ पासून नेट किंवा सेट ही किमान अट आहे. पीएचडी असली तर चांगलंच. कॉलेजमधलं क्रीडा संचालकाचं पद वेगळ्या संवर्गातलं. त्याला शारीरिक चाचणीही असते. तिशीपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर, बायकांना आठ मिनिटांत हजार मीटर. अभ्यासाच्या नादात पोट सुटलेले उमेदवार इथं धापा टाकताना दिसतात. कोचिंग आणि संशोधन दोन्ही करायचं असेल तर मला हे पद जास्त सोयीचं वाटतं, कारण मैदान हेच तुमचं ऑफिस. पण शिकवायचे तास कमी मिळतात आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे कागद संपता संपत नाहीत.

"पैसे भरा, आठवड्यात पेपर छापून घ्या" अशा मेल येतील. सरळ पुसून टाका. यूजीसीनं मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळं कुठं छापायचं हे आता स्वतः पारखावं लागतं. ज्या नियतकालिकातले लेख तुम्ही खरंच वाचले आहेत आणि उपयोगाचे वाटले, तिथंच पाठवा.

गाईडना लिहायचं पहिलं पत्र

गाईड शोधताना "आदरणीय सर, मला आपल्या हाताखाली पीएचडी करायची आहे" एवढंच लिहून पन्नास जणांना पाठवतात. उत्तर येत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी पाठवा. तुमच्या वहीतला एक प्रश्न, चार-पाच ओळींत. तुम्ही स्वतः मोजलेल्या थोड्या खेळाडूंची एक तक्ता-पट्टी, मोजण्यातली चूक धरून. आणि त्या गाईडचा तुम्ही वाचलेला एखादा पेपर, त्यातली न पटलेली किंवा न कळलेली जागा. पत्र एका पानाचं. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, तरीही नाही आलं तर पुढच्याला लिहा. उत्तर आलं तर भेटायला जाताना मूळ व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन जा, कारण तो प्राध्यापक कामाचा असेल तर पहिला प्रश्न कॅमेरा कुठं ठेवला होता, हाच विचारेल.